पट्टीनं मारलेली रेघ

हे माझ्या तोंडून आजवर एकदाही बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही — तिच्यासमोर तर नाहीच — भावासमोर नाही, देवासमोरही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुम्हीही म्हणाला असता, काय देवमाणूस आहे! पिंपळगाव राजात कोणालाही विचारा. आजारी बायकोला टाकलं नाही, दुसरी केली नाही, तळहाताच्या फोडासारखं जपलं तिला. लोक हे माझ्या तोंडावर बोलतात तेव्हा मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, किती नम्र माणूस.

कुठून सुरू करू? कापसापासून करतो, ते मला सोपं जातं.

मी खामगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होतो. दिवाळी झाली की बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जायची. माझं काम एवढंच — गाडीत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा आणि तो कोणत्या प्रतीचा ते सांगायचं. लोक बेरकी. वर पांढराशुभ्र, लांब धाग्याचा माल, आणि तळाशी कवडी — किडीनं डागाळलेला, गाठाळ कापूस. कोणी वजन वाढावं म्हणून पाणी मारून आणायचा. मी वरचा कापूस बघतच नसे. बाही सारून हात खांद्यापर्यंत खुपसायचा, तळातली मूठ ओढून काढायची आणि गाडीवाल्याच्या तोंडासमोर धरायची. चारचौघांत. बोलायचं काही नाही, नुसती धरून ठेवायची, तो आपण होऊन बोलेपर्यंत. खरं सांगू? त्या नोकरीत मला पगारापेक्षा तो क्षण आवडायचा. माणसाचा चेहरा उतरताना बघायला मला मजा यायची.

या माणसाला कोणी फसवू शकत नाही, असं माझं नाव झालं होतं. आणि मला फसवलं कोणी? रोहिणखेडच्या माझ्या सासऱ्यानं.

विमल रोहिणखेडची. लग्न झालं तेव्हा एकोणीस वर्षांची. अंगानं बारीक, हसली की पदर तोंडावर घेणारी. गळ्याखाली, दोन हाडांच्या मधल्या खळग्यात, तिला एक गोंदण होतं — तुळशीचं छोटंसं रोप. आणखी एक खाली, छातीचं हाड संपतं तिथं, पाच ठिपक्यांची फुली. आता आमच्याकडं बायका हातावर गोंदतात, कपाळावर, हनुवटीवर. छातीच्या मधोमध कोण गोंदतं? मी विचारलंही होतं. म्हणाली, मामीची हौस. लग्नाआधी ती वर्षभर मुंबईला मामाकडं होती ना, शिवणकाम शिकायला. मी म्हटलं, असेल. एवढा मोठा ग्रेडर मी — तिथं मात्र वरवरचं बघून पुढं गेलो.

लग्नानंतर चौथ्या वर्षी शोभा झाली. बाळंतपण जड गेलं, रक्त फार गेलं. त्यानंतर विमल सावरेचना. ओठ पांढरे पडले, भाकरी थापतानासुद्धा धाप लागायची. गावच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं. तिथं छातीच्या हाडात जाड सुई घालून आतला मगज काढतात — हाडाच्या पोटात जो मऊ गर असतो, रक्त तयार करणारा, तो. विमलच्या हाडातून काही निघेचना. दोनदा सुई घातली, दोनदा कोरडी. डॉक्टर एकमेकांकडं बघायला लागले. त्यांतल्या एकानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, मुंबईला घेऊन जा, तिथं हाडातल्या मगजाचं चित्र काढायचं नवीन यंत्र आलंय.

मोठा दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा. सव्वा वर्षाच्या शोभाला आईजवळ ठेवून आम्ही नांदुऱ्याहून गाडीत बसलो.

दवाखान्यात कारकुनानं कागद भरून घेतला. त्यात एक प्रश्न होता — पूर्वी कधी विजेचा शेक घेतला आहे का, गाठीबिठीवर देतात तो? मी विमलकडं पाहिलं. तिनं मान हलवली. नाही. नजर पायाच्या अंगठ्यावर. मी कारकुनाला सांगितलं, नाही. एक लक्षात घ्या, प्रश्न मला विचारला होता. शरीर तिचं, हाडं तिची आणि उत्तर देणार मी. तेव्हा तशीच रीत होती, कोणाला त्यात वावगं दिसत नव्हतं. मला तर मुळीच नाही.

तिच्या शिरेत औषध टोचलं. ते औषध रक्तातून जाऊन हाडातल्या मगजात अडकतं आणि तिथून किरण सोडतं, असं तिथल्या एका मुलीनं मला समजावलं. मग विमलला फळीवर उताणी निजवलं. तिच्या अंगावरून यंत्राचा एक हात डावीकडून उजवीकडं जायचा, बोटभर खाली सरकायचा, परत फिरायचा. आणि बाजूच्या कागदावर टकटक करत ठिपके उमटायचे. मगज जिथं जिवंत तिथं दाट ठिपके, नसेल तिथं कागद कोरा. तास-दीड तास चाललं ते. दाराच्या काचेतून मला तिचे तळवे दिसत होते, एकमेकांना चिकटवून ठेवलेले.

दुसऱ्या दिवशी कमरेच्या हाडातूनही त्यांनी सुईनं मगज काढला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. मला एकट्याला. बाई बसू देत बाहेर, म्हणाले, उगीच घाबरतील.

टेबलावर तो कागद होता. ठिपक्यांचं माणूस. पोटाच्या वर काळेभोर डाग, ते यकृत आणि प्लीहा. खाली कमरेची हाडं, मांड्या, सगळीकडं ठिपके. आणि गळ्यापासून छातीच्या टोकापर्यंत — काही नाही. पाठीचा कणाही तेवढ्या भागात कोरा. जणू तिथं बाई नव्हतीच.

डॉक्टरांनी खिशातली पेन्सिल त्या कोऱ्या जागेच्या कडेला आडवी ठेवली. कड पेन्सिलीला तंतोतंत लागली. मला म्हणाले, रोग असा कधी पट्टी लावून रेघ मारतो का हो? ही रेघ माणसानं मारलेली आहे. यांना शेक दिलेला आहे, आठ-दहा वर्षांपूर्वी, आणि चांगला भरपूर. छातीवरचं गोंदण पाहिलं मी. यंत्र रोज त्याच जागी लागावं म्हणून शेकाआधी काळ्या शाईचे बारीक ठिपके टोचून ठेवतात. वरचा ठिपका इथं, खालचा इथं. कोणीतरी नंतर त्यावर तुळस काढून घेतली.

मग त्यांनी शांतपणे सगळं समजावून दिलं. जिथं असा शेक पडतो तिथला मगज वाळून जातो, त्या जागी चरबी भरते. वर्षं गेली तरी तो बहुतेक परत येत नाही. म्हणून अकोल्याची सुई कोरडी निघाली, म्हणून हा कागद कोरा. शेकाचं माहीत नसतं तर कोणीही म्हणालं असतं, रोगानं हाडं खाल्ली. पण इथं बघा, म्हणाले. मोठ्या माणसाच्या मांडीत गुडघ्यापर्यंत मगज नसतो, यांच्यात आहे. छातीच्या हाडांचं काम खालच्या हाडांनी उचललंय. कमरेचा मगज आम्ही पाहिला, उत्तम आहे. जुन्या आजाराची खूणसुद्धा नाही कुठं. अंगात लोह कमी आहे एवढंच. गोळ्या लिहून देतो. बाई जगतील, आणखी लेकरं होतील, म्हातारपण बघतील.

हेच त्यांनी इंग्रजीत लिहूनही दिलं.

दुसरा कोणी असता तर त्यानं डॉक्टरांचे पाय धरले असते. मला काय ऐकू आलं ठाऊक आहे? सासऱ्यानं तळाशी कवडी घालून गाडी मला विकली. सगळ्या रोहिणखेडला माहीत असेल. मामा-मामीला माहीत. मुलगी दाखवताना कांदेपोह्यांची बशी पुढं करणाऱ्या तिच्या बहिणीला माहीत. आणि ही — ही माझ्या देखत, कारकुनासमोर, मान हलवून खोटं बोलली. बाई जगणार हे मी ऐकलं, पण ते त्या वेळी मला फार मोठं वाटलं नाही.

बाहेर आलो. विमल बाकावर बसली होती. उभी राहिली.

"काय म्हनलं डाक्टरनं?"

मी म्हटलं, "छातीतले हाडं रिकामे झाले तुहे. आत काहीच नाही राह्यलं."

बघा माझी हुशारी. यात एकही शब्द खोटा नाही. मी तळातली मूठ काढून तिच्या तोंडासमोर धरली होती आणि ती बोलायची वाट बघत होतो. तिचा चेहरा उतरला. चांगला उतरला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, ते सांगत नसतात. आणि तिची पिशवी उचलून चालायला लागलो.

मी मनाशी ठरवलं होतं — ज्या क्षणी ही आपल्या तोंडानं शेकाची गोष्ट कबूल करील, त्या क्षणी मी बाकीचं सांगून टाकीन. किल्ली तिच्याच हातात आहे. तिनं एक वाक्य बोलावं आणि सुटावं. न्याय आहे की नाही? पुढं किती वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आलो. तुम्हालाही इथवरच सांगून थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, रागाच्या भरात झालं, तीही खोटं बोललीच होती की.

पण ती बोलली हो.

गावी परतून आठ-दहा दिवस झाले होते. दुपारची वेळ. आई शोभाला घेऊन शेजारी गेली होती. मी ओसरीवर पान लावत बसलो होतो. विमल आतून आली, उंबऱ्याशी बसली आणि एकदम माझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, "मले तुमाले एक गोष्ट सांगाची हाय. मारा, झोडा, पन आयका." आणि सगळं सांगितलं. पंधराव्या वर्षी गळ्यात आणि छातीत गाठी आल्या होत्या. मुंबईला शेक झाला, कातडी काळी पडून सोलून निघाली. ती बरी झाली. मग लग्न कसं व्हायचं म्हणून बापानं तिला घरातल्या देव्हाऱ्यावर हात ठेवायला लावला, मरेपर्यंत कोणाला सांगणार नाही म्हणून. गोंदणारीण मामीनं घरी बोलावली होती. आणि मग तिनं मान वर करून विचारलं —

"त्या शेकानं तं नसन झालं हे? हाडं रिकामे झाले थे?"

तिसरी शिकलेली बाई. अकोल्याच्या डॉक्टरांना जे कळलं नव्हतं, ते तिनं आपलं आपण ओळखलं होतं. नेमका प्रश्न विचारला तिनं. मला फक्त 'हाव' म्हणायचं होतं. एक अक्षर की दोन?

मी म्हटलं, "नाही. ते बी विचारलं मी डाक्टरले. त्याचा काही संबंध नाही."

हे ते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

रागानं म्हणालो का? नाही. राग तर तिनं पाय धरले तेव्हाच उतरला होता. बदला? तोही पुरा झाला होता. मग काय उरलं होतं? मला सांगायला जड जातं, पण सांगतो — मला ते आवडायला लागलं होतं. त्या आठ-दहा दिवसांत विमल अशी झाली होती की मी उठलो की उठायची, मी बसलो की बसायची. जरासा ठसका लागला की आधी माझ्या तोंडाकडं बघायची, माझ्या तोंडावर आपलं किती उरलंय ते वाचायला. तिच्या जगण्या-मरण्याची खबर एका माझ्याजवळ होती. असं कोणाचं काही असतं का कधी एखाद्याजवळ? ते हातचं सोडवेना मला.

गोळ्या चालू केल्या. दोन महिन्यांत ओठ लाल झाले, धाप गेली. ती म्हणायची, "हे गोळ्याचं बळ हाय, माह्यं नाही." मी हो म्हणायचो. कधी कधी सकाळी आरशासमोरून वळून विचारायची, "आज कशी दिसून राह्यली मी?" मी मुद्दाम जरा वेळ लावायचो उत्तराला.

मग शोभाचं. विमलची थोरली बहीण चंद्राबाई वडनेर भोलजीला दिलेली, तिला मूलबाळ नव्हतं. शोभा अजून अंगावर पीत होती, 'माय' म्हणायला नुकती कुठं शिकत होती. विमल एके दिवशी म्हणाली, "तिले बाईकडं पाठवू. आतापासून सवय लागली तं मंग रडनार नाही." हे ती भाकरी वाढता वाढता म्हणाली, साध्या आवाजात. बरेच दिवस मनात घोळवून झालेलं होतं हे स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा तरी? तेव्हा तरी माझी जीभ हलायला हवी होती ना? मी म्हटलं, बघ बाई, तुला जे बरं वाटेल ते कर. आणि पोरीला एसटीनं मीच घेऊन गेलो. वाटेत ती माझ्या मांडीवर झोपली. साडूनं चहा केला, तो मी प्यालो, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. विमलनं छाती लुगड्याच्या फडक्यानं घट्ट आवळून बांधली होती. चार दिवस तिला हात वर करता येईना. दूध सुकवायला बायका करतात तसं काही पाल्याचं लावत होती. मी तिला सांगितलं, फार दुःख करू नको, तब्येतीला चांगलं नाही.

वर्षं गेली. ती मरेना. मरणार कशी? तिसऱ्या वर्षी तिनं भीत भीत विचारलं, पोरीले आनू का? मी म्हटलं, आज बरी आहेस, उद्याचं कोणी पाह्यलं? आणि चंद्राबाई काही आता द्यायला तयार नव्हती, शोभा तिला 'माय' म्हणायला लागली होती. दुसऱ्या लेकराचा विषय निघाला तेव्हा मी सांगितलं, डॉक्टर नको म्हणाले आहेत. गावात माझं नाव होत गेलं. माझी आई बिचारी मरताना विमलला म्हणाली, माह्या लेकानं तुले जीव लावला, नाहीतर कोण ठेवतं? विमलनं हात जोडले — आईला नाही, मला.

तो मुंबईचा कागद आमच्या ट्रंकेत आहे. सगळं इंग्रजीत आहे त्यात, स्वच्छ अक्षरात. विमल दरवर्षी पावसाळा संपला की त्याला ऊन दाखवते, डांबराच्या गोळ्या बदलते आणि परत ठेवते. तिला वाटतं, परत कधी मुंबईला जायची वेळ आली तर लागेल.

विमल अजून आहे. चांगली ठणठणीत आहे. मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. आता सांगितलं तर काय होईल, याची मला भीती वाटते. तिच्यासाठी नाही वाटत. माझ्यासाठी वाटते.

आता एकच राहिलं. शोभा दहा वर्षांची असेल, उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस आमच्याकडं आली होती. आम्हाला ती मावशी-काका म्हणायची. मी ओसरीवर सुपात शेंगा घेऊन फोडत बसलो होतो. विमल तिची वेणी घालत होती. वर्षातून एकदा ते डोकं तिच्या हातात यायचं, त्यामुळं वेणी घालायला ती फार वेळ लावायची, घातलेली परत सोडायची. गल्लीतल्या कोणा बाईनं पोरीच्या कानावर काही घातलं असावं. शोभानं मागं न बघता विचारलं,

"मावशी, तूच माही माय हाय म्हनतेत. खरं हाय?"

विमल म्हणाली, "हाव."

"मंग मले देलं काऊन?"

"मी मरनार होती, बाई."

पोरीला हिशोब जुळेना. मग तिनं मान वळवली आणि विमलकडं नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंग मेली काऊन नाही?"

विमलच्या हातात फणी तशीच राहिली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. तिनं त्या दहा वर्षांच्या पोरीच्या पायाला हात लावला, थोरल्या माणसाच्या लावतात तसा, आणि म्हणाली, "चुकलं, माय. माह्यं चुकलं."

मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. सगळं ऐकलं, आणि शेंगा फोडत राहिलो.